वाचकांचे प्रश्न : हरवलेले आठवडे

मागच्या अंकात पाळीच्या तक्रारींविषयी लिहिताना गर्भपाताचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची सून चोवीस वर्षांची आहे, पदरी दोन मुले आहेत. पाळी चुकल्यावर तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून आधी काढा घेतला, मग ओळखीच्या माणसाने आणून दिलेल्या सुट्या गोळ्या घेतल्या. बारा दिवस तिच्या अंगावरून जात होते. ताप आला तरी ती दवाखान्यात जायला तयार होईना. "नवऱ्याची सही मागतील, पोलिसांत देतील" एवढेच म्हणे. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा नेले. पिशवी साफ करावी लागली, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. आता ती बरी आहे. आपल्याकडे कायदा होऊन पन्नास वर्षे उलटली, पुण्यात गल्लोगल्ली रुग्णालये आहेत, तरी असे का व्हावे? (एक वाचक, धायरी)

उत्तर : आधी तिच्या दोन भीतींविषयी लिहिते, कारण ते बारा दिवस त्यांनीच खाल्ले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला तिची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची, सासूची किंवा वडिलांची सही कायद्यात कोठेही मागितलेली नाही. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल तरच पालकाची संमती लागते. असे असूनही "उद्या कटकट नको" म्हणून नवऱ्याची सही घेतल्याशिवाय पुढे न जाणारी रुग्णालये पुष्कळ आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात कायद्याबाहेरच्या अशा अटी घालू नयेत असे डॉक्टरांना स्पष्ट बजावले आहे. पोलिसांच्या भीतीला मात्र थोडा आधार आहे. भारतीय दंडसंहितेचे कलम ३१२ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ गर्भपात घडवून आणणे हा गुन्हाच मानते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्या गुन्ह्याला दिलेला अपवाद आहे, आणि ते संरक्षण नोंदणीकृत डॉक्टरने मान्यताप्राप्त जागी केलेल्या गर्भपातापुरते आहे. शांतिलाल शाह समितीने १९६६ साली अहवाल दिला, त्यातून हा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. तरीही "पाडणे म्हणजे गुन्हा" हे समीकरण लोकांच्या मनात दीडशे वर्षे मुरलेले आहे. पण अंगावरून जास्त जाते म्हणून दारात आलेल्या बाईवर उपचार करणे हे कोणत्याही डॉक्टरचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही सहीची वाट पाहायची नसते.

आता तुमचा मूळ प्रश्न. गर्भपात असुरक्षित का होतो, असे मला विचारले की मी आठवडे मोजते. काही वर्षांपूर्वी माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई आली. शेवटची पाळी कधी आली होती, या माझ्या प्रश्नावर तिने पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडून घडी केलेली दोन पाने काढली. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले होते, गॅसची टाकी लावल्याची तारीख होती आणि एका चौकोनात पेन्सिलीने बारीक फुली होती. "ही पाळीची," ती म्हणाली. मी त्या फुलीपासून मोजले तर अकरा आठवडे भरत होते. तिच्या हिशेबाने मात्र दोन महिनेसुद्धा झालेले नव्हते, कारण ती पाळी चुकल्याच्या दिवसापासून मोजत होती. वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते, त्यामुळे पाळी आठ दिवस चुकलेली असते तेव्हाच पाचवा आठवडा भरत आलेला असतो. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने चार आठवडे कागदावरच हरवतात.

उरलेले आठवडे कोठे गेले तेही तिने सांगितले. धाकटा अंगावर पीत होता, आणि दूध पाजताना दिवस राहत नाहीत असे तिला वाटत होते, म्हणून तीन आठवडे शंकाच आली नाही. मग नवऱ्याला सांगण्याचा धीर गोळा करण्यात एक आठवडा गेला. एका खासगी रुग्णालयात गेली तर त्यांनी नवऱ्याची सही मागितली, आणि नवरा मालवाहू गाडीवर परगावी होता. दोन घरच्या कामांना खाडा झाला की पगार कापला जातो, त्यामुळे पुन्हा यायला पुढची सुट्टी उजाडावी लागली. यातली एकही गोष्ट आजार या सदरात मोडत नाही. पण नवव्या आठवड्यापर्यंत जे काम गोळ्यांनी झाले असते, त्यासाठी आता नळीने गर्भ ओढून काढण्याची शोषण पद्धत वापरावी लागणार होती. आणखी महिनाभर गेला असता तर भरती होऊन, जास्त अनुभवी हातांकडून आणि जास्त जोखीम पत्करून ते करावे लागले असते. योग्य हातांनी, योग्य वेळी केलेला गर्भपात बाळंतपणाहून कमी धोक्याचा असतो, आणि उशिराच्या प्रत्येक आठवड्याबरोबर धोका वाढत जातो. जिला वेळ उरत नाही ती काढ्याकडे, सुट्या गोळ्यांकडे, आणि काही ठिकाणी आजही वनस्पतीची काडी गर्भाशयाच्या तोंडात घालणाऱ्या बाईकडे वळते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हेच चित्र अधिक उग्र असते. तेथे मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आगाऊ पैशांची उचल आधीच घेतलेली असते आणि काम चुकले की मुकादम खाड्याचे पैसे कापतो. गळिताच्या हंगामात, गावापासून दूर, उसाच्या फडाशेजारच्या कोपीवर राहणाऱ्या बाईने दवाखाना गाठावा तरी केव्हा?

पुण्यात तरी काय, धायरीहून ससूनच्या सरकारी रुग्णालयात यायचे तर स्वारगेटला बस बदलावी लागते, रांगेत केसपेपर काढावा लागतो, आणि तपासण्या एका दिवसात होतीलच असे नाही. रुग्णालये गल्लोगल्ली असली तरी गर्भपात करण्याची मान्यता सगळ्यांना नसते. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही, खासगी रुग्णालयाला ती जिल्हास्तरीय समितीकडून घ्यावी लागते, आणि आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना हे काम करण्याची कायद्याने परवानगी नाही.

तुम्ही त्या घराच्या जवळच्या आहात म्हणून एवढे मात्र लक्षात ठेवा. गोळ्या घेतल्यानंतर सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चोवीस तासांहून अधिक ताप राहत असेल, जाणाऱ्या रक्ताला घाण वास येत असेल, ओटीपोटात न सोसणारी कळ असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते "अंगावरचे जाणे" म्हणून सोडून द्यायचे नसते, त्याच तासाला निघायचे असते. काहीच रक्त गेले नाही तर तेही तितकेच गंभीर असते, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या गोळ्या त्याला काहीच करत नाहीत आणि नळी फुटण्याचा धोका कायम राहतो.

प्रश्न : मी समाजकार्य विषयाची विद्यार्थिनी आहे. असुरक्षित गर्भपातांचा बहुतेक भार विकसनशील देशांवरच का पडतो? गरिबी हेच मुख्य कारण म्हणावे का? (कर्वेनगर)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात करवले जातात आणि त्यांतील सुमारे ४५ टक्के असुरक्षित असतात. २०१० ते २०१४ या काळाच्या अभ्यासात असुरक्षित गर्भपातांपैकी ९७ टक्के आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विकसनशील देशांत झाल्याचे, आणि निम्म्याहून अधिक एकट्या आशियात झाल्याचे दिसले. गरिबी त्यात आहेच, पण मी तिला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही, कारण फारसा श्रीमंत न होताही एखादा देश हे मृत्यू थांबवू शकतो असे इतिहास सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत १९९६ साली गर्भपाताचा उदार कायदा झाला, १९९७ पासून तो अमलात आला, आणि गर्भपाताशी निगडित मातामृत्यू काही वर्षांतच सुमारे ९० टक्क्यांनी घटले. आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये २००२ पूर्वी गर्भपातासाठी बायका तुरुंगात जात. कायदा बदलला, २००४ पासून सेवा सुरू झाल्या, आणि डोंगराळ, गरीब देश असूनही प्रशिक्षित परिचारिकांच्या मदतीने त्या सेवा जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत नेण्यात आल्या. उलट दिशेचे उदाहरण युरोपातलेच आहे. रुमानियात १९६६ च्या हुकमाने गर्भपातावर कडक बंदी आली. १९८९ पर्यंत तेथील मातामृत्यूंचे प्रमाण लाख जन्मांमागे १७० च्या आसपास पोचले होते, त्यांतील बहुतेक मृत्यू गर्भपातामुळे होत होते, आणि बंदी उठल्यावर एकाच वर्षात ते प्रमाण निम्म्यावर आले. कायद्याने दार बंद केले म्हणून बायकांची निकड संपत नाही, त्या मागच्या दाराने जातात, हे या तिन्ही देशांत दिसते. ब्राझीलमध्ये तर बंदी असतानाच ऐंशीच्या दशकात बायकांनी जठरव्रणासाठी विकल्या जाणाऱ्या मिझोप्रोस्टॉल या गोळीचा हा उपयोग आपल्या आपण शोधून काढला, आणि काड्या व तारा घातल्याने होणाऱ्या गंभीर जखमा व जंतुसंसर्ग तेथे कमी होत गेले. वैद्यकशास्त्राने ती वाट मागाहून अभ्यासली, हे आम्हा डॉक्टरांना थोडे खाली पाहायला लावणारे आहे.

मग कायदा असलेल्या भारताचे काय? 'लान्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ या एका वर्षात देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले होते, रुग्णालयांतले केवळ २२ टक्के होते आणि उरलेले ५ टक्के अन्य, बहुधा घातक मार्गांनी झाले होते. या आकड्यांचा अर्थ लावताना तुम्ही घाई करू नये असे मला वाटते. रुग्णालयाबाहेर झालेला प्रत्येक गर्भपात असुरक्षित धरणे चूक आहे. योग्य आठवड्यात, अस्सल औषध, पुरेशी माहिती आणि अडचण आली तर जायला जागा, एवढे असेल तर सुरुवातीच्या बारा आठवड्यांत स्त्री घरी गोळ्या घेऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना मानतात. आपला कायदा मात्र त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी मागतो. पहिल्या पत्रातल्या धायरीच्या त्या सुनेच्या हातात गोळ्या होत्या, माहिती नव्हती आणि जायला जागा आहे हा विश्वासही नव्हता.

स्त्रियांच्या एकंदर प्रकृतीचाही येथे संबंध येतो आणि तो पाठ्यपुस्तकांत अनेकदा एका ओळीत उरकला जातो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या रक्तस्रावातून सुदृढ बाई आठ दिवसांत सावरते, तोच रक्तस्राव सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईला मरणाच्या दारात नेतो. याच पाहणीत कुटुंबनियोजन करणाऱ्यांमध्ये स्त्री-शस्त्रक्रियेचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या सुमारे ३८ टक्के, आढळला; पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे. मुले झाल्यावर ऑपरेशन, आणि त्याआधी दोन मुलांत अंतर ठेवायचे तर देवावर भरवसा, अशी आपल्या घरांची रीत आहे. नको असलेले दिवस बहुधा त्याच अंतराच्या वर्षांत राहतात.

प्रश्न : कोथरूडला माझे औषधांचे दुकान आहे. गर्भपाताच्या गोळ्या मी बरीच वर्षे ठेवत नाही, कारण तपासणीच्या वेळी विनाकारण त्रास होतो. स्त्रीभ्रूणहत्येला आपला हातभार नको, हीही भावना आहे. माझे चुकते का?

उत्तर : त्रासाविषयीचे तुमचे म्हणणे मला पटते. महाराष्ट्रात २०१२ नंतर या गोळ्यांच्या विक्रीवर इतकी करडी नजर ठेवली गेली की अनेक दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडले, हे माझ्या रुग्णांकडून मी सतत ऐकते. पण दुसऱ्या कारणाशी सहमत होता येत नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल यांचा एकत्रित संच आपल्याकडे ६३ दिवसांपर्यंतच्या, म्हणजे नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी मान्य आहे. सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. त्यामुळे चिठ्ठी घेऊन सातव्या आठवड्यात तुमच्या काउंटरवर आलेली बाई मुलगी आहे म्हणून आलेली नसते. गर्भलिंग निवडीविरुद्धचा १९९४ चा कायदा आणि गर्भपाताचा १९७१ चा कायदा हे दोन निराळे कायदे आहेत. पहिला चाचणी करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला पकडतो, दुसरा स्त्रीला सेवा देतो. लिंगनिदानावर सर्वांत आधी, १९८८ साली कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच होते, आणि त्याचा अभिमान बाळगावा. पण त्या लढाईत "गर्भपात म्हणजे पाप" अशी पाटी नकळत भिंतीवर चढली, हेही खरे आहे.

हे औषध शेड्यूल 'एच'मधले आहे. चिठ्ठीवर विकायचे आणि बिलाची नोंद ठेवायची, एवढ्यावर तुम्ही नियमात आहात. चिठ्ठीशिवाय सुट्या गोळ्या देणे मात्र कोणाच्याही आग्रहाने करू नका. पूर्ण संच, माहितीपत्रकासह द्या, आणि "किती दिवस झाले?" या प्रश्नाबरोबर "शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती?" हेही विचारा. दोन उत्तरांत चार आठवड्यांचा फरक निघतो, हे वर लिहिलेच आहे.

प्रश्न : लग्नानंतर लगेच दिवस राहिले होते, तेव्हा गोळ्यांनी पाडले. आता मूल हवे आहे तर सासूबाई म्हणतात की एकदा पाडले की पिशवी धरत नाही. (सदाशिव पेठ)

उत्तर : सासूबाईंना आदराने सांगा की नीट झालेल्या गर्भपाताने पिशवी बिघडत नाही. उलट पुढची पाळी येण्याआधी, अगदी आठ-दहा दिवसांतही पुन्हा दिवस राहू शकतात. बिघाड होतो तो अर्धवट गर्भपातातून वाढलेल्या जंतुसंसर्गाने, कारण त्याने नळ्या बंद होऊ शकतात. तुम्हाला तसा त्रास झालेला नसेल तर वर्षभर वाट पाहा, तुमचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिने, आणि मग दोघांनीही तपासणीला यावे. दोघांनीही, हे अधोरेखित करून वाचावे.

प्रश्न : आपले मासिक घरोघरी, मुलाबाळांत वाचले जाते. असे विषय त्यात कशाला हवेत? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : काका, तुमचा रोष समजतो. पण हा विषय पुण्याच्या घरांत आम्ही आणलेला नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे अशी सोय त्यांना करावी लागली, कारण दिवस गेलेल्या बाईपुढे विहीर किंवा काढा एवढेच मार्ग उरत असत. कुजबुजीत राहिलेल्या या विषयाने तेव्हा बायका मारल्या आणि आजही मारतो आहे. मुलाबाळांपासून अंक लपवायचा असेल तर तो तुमचा अधिकार आहे, मात्र तुमच्या घरातील सुना-नातींपासून लपवू नये अशी विनंती आहे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, वसतिगृहात राहते. चाचणीत दिवस गेल्याचे आले आहे, शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे झाले आहेत. लग्न झालेले नाही. घरी कळता कामा नये. कोणी डॉक्टर माझी केस हाती घेईल का?

उत्तर : हे पत्र हाती आले तेव्हा मासिक छापून तुमच्यापर्यंत पोचायला आणखी तीन आठवडे लागणार होते, म्हणजे सहाचे नऊ झाले असते. त्यामुळे पत्रासोबत दिलेल्या क्रमांकावर त्याच दिवशी बोलणे झाले आणि पुढची व्यवस्था झाली. येथे छापते ते तुमच्या जागी असणाऱ्या इतरांसाठी.

लग्न झाले नाही म्हणून कोणी नाकारू शकत नाही. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधन फसल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांऐवजी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहितेला वगळता येत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर डॉक्टरला पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली पोलिसांना कळवावे लागते. त्या निकालाने एवढी सवलत दिली आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास तिचे नाव व ओळख त्या माहितीत देण्याची गरज नाही.

जाताना वयाचा पुरावा न्यावा, शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्यावी, रक्तगट माहीत असेल तर तोही. पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे आणि कसली ॲलर्जी असेल तर ते लपवू नये. संमतीपत्राला फॉर्म 'सी' म्हणतात. ते वाचूनच सही करावी, आणि त्यावर फक्त तुमची सही लागते. ते कागद पाकिटात घालून मोहोरबंद केले जातात, पाकिटावर नावाऐवजी अनुक्रमांक असतो आणि 'गोपनीय' असे लिहिलेले असते. ते नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोणी घरच्यांना बोलावण्याचा आग्रह धरला, तर हे नियम शांतपणे सांगावे आणि तरीही ऐकले नाही, तर वाद घालत न बसता त्याच दिवशी दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी जावे. सोबत एक विश्वासू मैत्रीण असावी. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावतात, तेव्हा बरे वाटत असले तरी जावे, कारण गर्भपात पूर्ण झाला की नाही हे तेव्हाच कळते.